मागून कुजबुजणारे डॉक्टर

मागे उभं राहून हळू आवाजात शिव्या देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याच माणसाचे पाय धरावेत असं मला आजही वाटतं.

यवतमाळला आर्णी रोडच्या अलीकडं, एका पिठाच्या चक्कीच्या माडीवर त्यांचा दवाखाना होता. कानाचे डॉक्टर. गावात त्यांचं नाव कुणी घेत नसे. 'कानवाले' म्हटलं की रिक्षावाला बरोब्बर चक्कीपुढं आणून सोडायचा. वडील कोर्टात कारकून, आजोबाही कोर्टातच, त्यामुळं घरात सगळे खालच्या आवाजात बोलणारे, आणि डॉक्टरांनी तर ती घराण्याची रीत कामालाच लावली होती. पेशंटला स्टुलावर बसवायचं. आपण मागं जाऊन उभं राहायचं. एका कानाच्या तोंडावर बोट ठेवून ते घासत राहायचं, म्हणजे त्या कानानं मधे लुडबुड करू नये. आणि दुसऱ्या कानाच्या मागून, हातभर अंतरावरून कुजबुजायचं.

बाकीचे डॉक्टर म्हणे या वेळी आकडे म्हणतात. यांना आकड्यांचा कंटाळा. "बावीस, सदतीस म्हटलं की माणूस अंदाजानं ठोकून देतो," ते म्हणायचे. "अपमान कोणी अंदाजानं ऐकत नाही." म्हणून ते कुजबुजायचे, "हा गडी बायकोले भेतो." किंवा, "मिशा पाहा, झाडणीवानी." ज्याला ऐकू यायचं तो तटकन मान वळवायचा. मग डॉक्टर खूश. "राग आला! कान शाबूत आहे. चला, पुढचा कोण?"

एकदा माझ्यासमोर एक म्हातारी स्टुलावर बसलेली. उजव्या कानामागून डॉक्टर काय काय बोलले, ती ढिम्म. मग डाव्या बाजूला गेले आणि अगदी श्वासाएवढ्या आवाजात म्हणाले, "बुढीनं चुलीखाली सोनं गाडलं हाय." म्हातारी स्टुलावरून उठलीच. "कोणं सांगतलं तुमाले? सुनेनं?" डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, डावा कान उत्तम. म्हातारी मात्र औषध न घेता घाईघाईनं घरी गेली.

दाराला पाटी होती, 'कानात कापूस घालून आत येऊ नये.' आपल्या भागात कापूस काय कमी? कान दुखला, कापूस. वारा लागला, कापूस. नुसतंच यवतमाळला यायचं झालं तरी कापूस. डॉक्टर तो चिमट्यानं काढून उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "काहून बाप्पा, भाव येईपर्यंत इथंच साठवून ठेवून राह्यला का?" ते कापसाचे वाईट दिवस होते. लोक भरलेल्या गाड्या परत घरी नेत होते, आणि तेच लोक दवाखान्यातल्या बाकावर बसून या विनोदाला सगळ्यात जोरात हसायचे.

मी त्या बाकावर पहिल्यांदा बसले तेव्हा मला हसू येत नव्हतं. एका हातानं बाक धरला होता, दुसऱ्या हातानं आमच्या यांचा शर्ट. कारण खालची चक्की सुरू झाली की माझ्या पायाखालची फरशी सरकायची.

मी मुळात घाबरट. माझं माहेर झरी जामणीकडं, जंगलातलं गाव. शाळा आठवीत सुटली. पुढं लग्नाआधीच दोन्ही कान मंद होत गेले. हे बघायला आले तेव्हा माझ्या आईनं ते सांगूनच टाकलं, तर हे म्हणाले, "बरंच हाय. माही बडबड तरी आयकाव लागनार नाई." अशा माणसाशी लग्न करून मी यवतमाळला आले. हे एका जिनिंगमध्ये रात्रीचे चौकीदार, आणि मी त्याच जिनिंगमध्ये दिवसा कापूस निवडायला. रेचे, म्हणजे सरकी काढायच्या त्या मशिनी, दिवसभर धडधडत. पण मला ती धडधड पायांनी कळायची, कानांनी नाही.

मग नागपूरला एका दवाखान्यात माझ्या उजव्या कानाचं ऑपरेशन झालं. कानात अगदी आत एक हाड असतं, ज्वारीच्या दाण्याहून लहान, घोड्याच्या रिकिबीसारखं. आवाज आला की ते हललं पाहिजे. माझं हललंच नाही, जागच्या जागी चिकटून बसलं होतं. ते काढून तिथं बारीकशी नवीन काडी बसवली. पट्टी सुटल्यावर पहिला आवाज ऐकला तो माझ्याच बांगड्यांचा. मी इतकी दचकले की सिस्टर हसायला लागल्या. घरी आले, दुपारी हे झोपले, आणि खोलीत कोणीतरी लाकूड कापायला बसलं. मी दारामागं पाहिलं, अंगणात पाहिलं. मग कळलं. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर मला कळलं, की आमचे हे घोरतात! मी भिंतीला टेकून किती तरी वेळ ते ऐकत बसले. हे जागे झाले तर मी रडत होते. घाबरून म्हणाले, "काय झालं वो?" मी म्हटलं, "काई नाई. झोपा ना अजून थोडं."

ते घोरणं महिना-दीड महिना टिकलं. म्हणजे ते घोरतच होते, ऐकणं टिकलं नाही. जिनिंगमध्ये परत कामाला लागले आणि कान भरती-ओहोटी खेळायला लागला. सकाळी ऐकू यायचं, संध्याकाळपर्यंत जायचं. वाकून टोपलं उचललं की गरगर. ताटली पडली की फरशी सरके. कोणी म्हणालं अशक्तपणा, कोणी म्हणालं उष्णता. शेजारणीनं लिंबू उतरवून चौकात टाकायला लावलं. मी पाच माणसांचं पाच परीनं ऐकत होते, आणि दुपारच्या सुट्टीत घरी येऊन यांच्या शेजारी बसून पाहत होते, घोरणं रोज थोडं थोडं लांब जातंय. शेवटी यांनीच मला धरून चक्कीच्या माडीवर आणलं.

डॉक्टर मागं उभे राहिले. डाव्या कानावर बोट. उजवीकडून काहीतरी आलं, वाऱ्यासारखं.

"काय म्हणालो?"

"ठाऊक नाई, साहेब."

थोडं जवळून. "पोट्टी पळून आलेली दिसते."

"नाई साहेब! हे माहे लग्नाचे नवरे हायेत!"

"अर्धा कान आहे," डॉक्टर म्हणाले. मग समोर येऊन बसले. जाड काचांचा एक चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला, त्यातून माझे डोळे त्यांना म्हणे बेडकाएवढे दिसत होते. कानाच्या भोकापुढं जो मांसाचा छोटा कोपरा असतो तो त्यांनी बोटानं आत दाबला. आणि सगळी खोली एका बाजूला कलंडली. मी किंचाळले. डॉक्टर मात्र माझ्या डोळ्यांकडं असे पाहत होते, जसं कोणी पतंगाकडं पाहतं.

"पळाले," ते हळूच म्हणाले. "डोळे पळाले. जावईबापू, पाहिलं का?"

हे कोणत्याही गोष्टीला 'हाव', म्हणजे 'होय', म्हणतात. "हाव," म्हणाले.

मग काचेच्या खोलीत बसवून मशिनीवर कान मोजला. मला वाटलं झालं. तर डॉक्टरांनी मला ओसरीतल्या खाटेवर आडवं केलं, उजवा कान वर, आणि सांगितलं, "अर्धा तास हलायचं नाही. शिंक आली तरी मला विचारून." मी लाकडासारखी पडून राहिले. मग उठवून लगेच परत काचेच्या खोलीत. दोन्ही कागद शेजारी ठेवून ते एवढे हरखले, जणू लॉटरीचा नंबर लागला.

"आडवी केली की ऐकू येते, उभी केली की जाते. हे अशक्तपणाचं काम नाही. पाझर आहे." बोलताना त्यांनी कोपऱ्यातल्या माठाकडं बोट केलं. आतल्या कानात पाणी असतं, त्या पाण्यावरच ऐकू येणं आणि तोल सांभाळणं, दोन्ही चालतं. ऑपरेशनमध्ये त्या माठाला एक बारीक भोक पाडून काडी बसवावीच लागते. पुढं ते आपोआप लिंपलं जातं. माझं लिंपण कुठंतरी सुटलं होतं, आणि तिथून पाणी पाझरत होतं. भोक वरच्या अंगाला ठेवून निजलं की पाझर थांबतो, म्हणून अर्ध्या तासानं कान सुधारला.

"नागपूरवाल्याईनं चुकवलं का?" यांनी विचारलं.

"नाही बाप्पा. काम सुरेख आहे. शिवण चांगली घातली, मागून कशानं तरी उसवली. कशानं, ते हिला माहीत." माझ्याकडं वळले. "ओझं उचललं?"

"टोपलं. पन हलकंच."

"नाक शिंकरलं?"

"नाई. तिथं सांगतलं होतं, शिंकरू नका, जोरात शिंकू नका. म्या एकदा बी शिंकली नाई साहेब." हे मी अभिमानानं सांगितलं. ते डॉक्टरांना तेव्हा खटकलं नाही, आणि मला तर कशाला खटकेल.

"हा कान जाईल का?" मी विचारलं. माझ्या मनात तेवढंच होतं.

डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही, हा त्यांचा मोठा गुण. "पाझर चालू राहिला तर जाईल. आणि एकदा पुरता गेला की कोणी आणून देऊ शकत नाही, मी पण नाही. पण अजून गेलेला नाही. सायकलच्या ट्यूबला कसं, पाण्यात बुडवून बुडबुडे पाहता येतात. मला तुझं डोकं टबात बुडवता येत नाही. म्हणून आधी निजवतो. पुष्कळदा शरीर स्वतःच लिंपून घेतं. नाही लिंपलं तर उघडून पाहू."

माझं निजणं म्हणजे काय सोहळा होता! माडीवर चार खाटांची खोली. पाठीमागं उशांची चळत, डोकं उंच. वाकायचं नाही, उचलायचं नाही, खोकला आला तर हळू, आणि कुंथायचं तर मुळीच नाही. कुंथलं की डोक्यात जोर येतो आणि लिंपण सुटतं. म्हणून रोज रात्री इसबगोल आणि सकाळी डॉक्टरांच्या अंगणातली पपई. बाकी सगळं कुजबुजत बोलणारा हा माणूस एकच प्रश्न मोठ्यानं विचारायचा, तोही जिन्यातून वर येतानाच. "पोट साफ झालं का?" खालची चक्कीवालीसुद्धा वर तोंड करून विचारायची, "झालं का वो बाई?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण खोटं सांगायची सोय नव्हती.

आमचे हे रात्रीची ड्युटी करून सकाळी भाकरीचं फडकं घेऊन यायचे आणि माझ्या खाटेशेजारी खाली फरशीवर आडवे व्हायचे. थोड्याच वेळात घोरणं सुरू. दुसऱ्या खाटेवरचे म्हातारबुवा तक्रार घेऊन डॉक्टरांकडं गेले. डॉक्टर येऊन यांच्या उशाशी उभे राहिले, खिशातला चिमटा, कान तपासायचा तो वाजणारा, आपल्या गुडघ्यावर आपटून तो आवाज आणि हा आवाज ताडून पाहिला, आणि म्हातारबुवांना म्हणाले, "हे औषध चालू आहे, बंद करता येत नाही." त्या दिवसापासून रोजचा प्रश्न ठरला. "माय, आज जावईबापू कुठपर्यंत ऐकू आले?" मी सांगायची, आज दारापर्यंत गेले. आज खिडकीपाशी हायेत. मग एक दिवस म्हटलं, "साहेब, आज खाटेच्या खालीच हायेत!" डॉक्टरांनी चक्क टाळी वाजवली. हे दचकून उठले आणि म्हणाले, "हाव."

आणि त्याच दुपारी मी सगळ्यावर पाणी फिरवलं.

चक्कीच्या मागं एक खानावळ होती. तिथं मिरच्यांची फोडणी पडली आणि तिचा ठसका खिडकीतून आत आला. म्हातारबुवा शिंकले, सिस्टर शिंकल्या, हे झोपेतच शिंकले. मलाही आली. मी पदर नाकाला लावला, नाकपुड्या दोन बोटांत घट्ट दाबल्या, तोंड मिटलं, आणि गिळली. अगदी सफाईनं. आवाज नाही की काही नाही. नेमके डॉक्टर दारात होते.

उजव्या कानात काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि खोली फिरली. पण मला आठवतो तो डॉक्टरांचा आवाज. आयुष्यात पहिल्यांदा ते ओरडले असतील. चक्की बंद पडली.

"हे काय केलंस?"

"शिंक गिळली, साहेब."

"गिळली? शिंक गिळतात? कोणं शिकवलं?"

कोणी शिकवलं, काय सांगणार! आमच्या जिनिंगमध्ये सगळ्या बायका गिळतात. रुईचा फुफाटा नाकात गेला की दिवसभर शिंका. पण वजनकाट्यावर कापूस चढत असताना कोणी शिंकलं की शेठ काटा थांबवत. मुनीमजी ओरडत, शिंकणारीला फाटकाबाहेर उभं करत, मग उदबत्ती लावून परत सुरुवात. भाव चांगले होते तेव्हा हे मुहूर्ताच्या दिवसापुरतं होतं. भाव पडले तशी भीती वाढली, मग रोज, प्रत्येक गाडीला. कापूस स्वस्त झाला आणि शिंक महाग झाली. नवी बाई कामाला आली की जुनी बाई आधी तिला शिंक गिळायला शिकवायची, मग कापूस निवडायला. मी त्यात सगळ्यात हुशार. म्हणून नागपूरला 'जोरात शिंकू नका' म्हणाले तेव्हा मला वाटलं, हे तर आपल्याला येतंच. तोंड उघडं ठेवून शिंका, असंही ते म्हणाले होते. पण बाईमाणसानं चारचौघांत तोंड वासून शिंकायचं, हे काय खरं सांगतात होय, असं वाटून मी ते सोडून दिलं.

डॉक्टर खाली फरशीवर, यांच्या शेजारी बसले. बराच वेळ कपाळाला हात. मग हसायला लागले, आणि हसताना त्यांचे डोळे भरले. "नाक दाबलं, तोंड दाबलं. तो सगळा जोर जाईल कुठं? कानात! रोज किती वेळा? आणि मी तुले विचारलं ओझ्याबद्दल. मले शिंक विचारायची अक्कल नाही आली."

मग मागं उभं राहून कुजबुजले. मला काही ऐकू आलं नाही. जवळून कुजबुजले. तरी नाही.

त्यांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी ऑपरेशन घेतलं. मला पुरतं झोपवलं नव्हतं, नुसता कान बधिर केला. कापडाखाली मी देवाची नावं घेत होते. ती संपली म्हणून गावातल्या लोकांची घ्यायला लागले. डॉक्टर सिस्टरशी बोलत होते ते हाडांतून येत असावं, तुटक तुटक कळत होतं. पडदा उचलला. काडी जागेवर आहे. तळाशी ओल आहे, पण ही ओल आपल्याच सुईच्या औषधाची असू शकते. पुसून घ्या. थांबा. परत पुसा. थांबा. मग कापड उचलून माझ्या दुसऱ्या कानापाशी येऊन मोठ्यानं म्हणाले, "माय, आता कुंथ."

मला वाटलं चेष्टा करतात. इतके दिवस जो माणूस कुंथू नको म्हणून पपया चारत होता, तो आता कुंथ म्हणत होता!

"कुंथ वो! पाहू दे मले पाणी!"

मी कुंथले. "आलं," डॉक्टर म्हणाले. "पुसलं तरी आलं. काडीच्या बुडाशी. हाच तो." त्या आवाजात असा आनंद होता की भीती सोडून मला वाटलं, चला, मला काहीतरी चांगलं जमलं.

माझ्याच कानाच्या पाळीतली चिमूटभर चरबी घेऊन त्यांनी ते भोक लिंपलं. "बाहेरचा माल नाही, घरचाच आहे," म्हणाले. पाळीवरचा तो बारीक व्रण अजून आहे. कानातलं घालताना बोटाला लागतो.

मग परत उशा, परत पपई. आणि या वेळी एक नवा वर्ग, शिंकायचा. डॉक्टर स्वतः शिंकायचे तेव्हा चक्कीच्या छपरावरची कबुतरं उडायची. ते तपकिरीची डबी घेऊन यायचे, स्वतः ओढायचे, यांना ओढायला लावायचे, आणि दोघं माझ्या समोर जबडे वासून शिंकायचे. "पाहा! तोंड उघडं. नाक मोकळं. जोर बाहेर. लाजू नको." मला तपकीर देत नव्हते, कान कच्चा होता. मी नुसतं तोंड उघडून दाखवायची, तेही पदराआड. "अर्धं उघडलं," डॉक्टर म्हणायचे. "मगरीसारखं पाहिजे." ते तोंड पूर्ण उघडेना. वर्षांची सवय. घोरणं हळूहळू दारातून खिडकीत, खिडकीतून खाटेपाशी आलं, मला घरी सोडलं, पण डॉक्टरांनी बजावलं, "लिंपण बसलं आहे. पण तू एक जरी शिंक गिळलीस तर मी जबाबदार नाही. त्या दिवशी तुझा कान तुझ्याच हातात."

मी कामावर जायला भीत होते. दसऱ्यानंतर जिनिंगच्या नव्या हंगामाचा मुहूर्त आला आणि जाणं भाग पडलं. काट्याला हार, गंजीला हळदकुंकू, पहिली गाडी काट्यावर. मागं चार-पाच शेतकरी, गेल्या साली याच दिवशी बारा जण होते. पाहुण्यांत डॉक्टर होते, शेठच्या आईचे कान त्यांच्याकडेच. आम्ही बायका भिंतीला लागून उभ्या. काट्याची दांडी उचलायला हमालांनी हात घातला, आणि माझ्या नाकात रुईचा एक तंतू गेला.

आली ती अशी आली की थांबायची नाही. माझा हात आपोआप नाकाकडं गेला. बोटं नाकपुड्यांवर टेकली. समोर शेठ, मुनीमजी, उदबत्तीचा धूर. सगळे गप्प. आणि धुरापलीकडून डॉक्टर माझ्याकडं पाहत होते. ते ओरडू शकत नव्हते. त्यांनी नुसतं तोंड उघडलं. मुहूर्ताच्या मंडपात, पांढऱ्या शर्टात, तो मोठा माणूस मगरीसारखा जबडा वासून उभा राहिला.

मी हात खाली केला आणि शिंकले. अशी शिंकले की शेजारच्या बाईच्या डोक्यावरचा पदर उडाला.

दांडी थांबली. मुनीमजी गर्रकन वळले. "कोन हाय ते? कोन शिंकलं?"

"मी," डॉक्टर म्हणाले. आणि खिशातून डबी काढून भरपूर तपकीर ओढून असे शिंकले, पुन्हा शिंकले, आणखी एकदा शिंकले, की गाडीचा बैल उठून उभा राहिला. रुमालानं नाक पुसत म्हणाले, "ती पहिलीही माझीच. आता मला फाटकाबाहेर उभं करा."

डॉक्टरांना कोण उभं करणार! शेठ लाल झाले. "डॉक्टरसाब, मुहूरत था! अब भाव का क्या होगा?"

"शेठ," डॉक्टर नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "भाव आधीच तळाला जाऊन बसला आहे. माझी शिंक त्याला आणखी कुठं नेईल?"

पहिला हसला तो गाडीवाला शेतकरी. मग बाकीचे हसले, मग हमाल, आणि शेवटी शेठही. मी हसत नव्हते. मी ऐकत होते. प्रत्येकाचं हसणं वेगवेगळं ऐकू येत होतं, गाडीवाल्याचं खरखरीत, शेठचं घशातलं. फरशी जागच्या जागी होती.

पुढच्या साली त्या जिनिंगमध्ये कापूस आलाच नाही म्हणायचं. रेचे थांबले, यांची चौकीदारी गेली, आणि ओळखीनं आम्हाला इकडं, पुण्याच्या पलीकडं चाकणच्या बाजूला, एका कंपनीत काम मिळालं. इथं मी डब्यांत नळ्या भरते. खिडकीतून दुसऱ्या कंपनीची भिंत दिसते. कधी नाकात धूळ गेली तर मी तोंड वासून शिंकते आणि मराठवाड्याच्या पोरी म्हणतात, "काकू, केवढ्यानं ओ!" त्यांना काय सांगू.

यवतमाळ सोडायच्या आधी आम्ही चक्कीच्या माडीवर गेलो. ती शेवटची तपासणी. डॉक्टर म्हणाले होते, इतक्या दिवसांनंतरही कान असाच राहिला तर समजायचं, आपण जिंकलो. मी स्टुलावर बसले. हे बाकावर. डॉक्टर मागं गेले, डाव्या कानावर बोट ठेवून घासायला लागले. मी वाट पाहत होते, आता काहीतरी घालूनपाडून बोलतील. मिशा नाहीत म्हणून पदराबद्दल, नाहीतर घोरण्याबद्दल.

आधी काहीच आलं नाही. मला वाटलं, गेला, कान गेला. मग हातभर अंतरावरून, श्वासाएवढ्या आवाजात, अगदी स्वच्छ, शब्द आले.

"तू गेलीस की माडी मुकी होईल, माय."

एवढं गोड ते कधी कुणाला बोलले नसतील. आणि मी, एवढी घाबरट, एवढी उपकार मानणारी, मी नकाराची मान हलवली.

"नाई आयकू आलं, साहेब."

बोट थांबलं. ते एक पाऊल जवळ आले आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. ते मी परत ऐकून घेतलं. मग मला हसू आवरेना, आणि डॉक्टर पुढं येऊन माझ्या तोंडाकडं पाहायला लागले.

"नाटकी!" ते ओरडले. आयुष्यात दुसऱ्यांदा. "जावईबापू, पाहा वो, तुमची बायको लबाड निघाली!"

"हाव," हे म्हणाले.